विभागाचा रिकामा रकाना

दिवाकर नाफडे एकतीस वर्षं मिलमध्ये टाइमकीपर होते. फाटकातून कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, याची नोंद ठेवणं एवढंच त्यांचं काम. पण त्याचा त्यांना इतका अभिमान होता, की सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा. छत्रीबागेतल्या घरून सायकलने येत, टेबल पुसत, पेन्सिलींना टोकं करत आणि मगच माझ्याशी बोलत. कामगारांचा मात्र त्यांच्या शब्दावर भारी विश्वास. बाबूजी हो म्हणाले की पुढे कोणी काही विचारत नसे.

मी धम्मदीना. महूहून रोज बसने यायचे. ब्याण्णव साली पलासियातल्या एका कंप्युटर फर्मने मला या मिलमध्ये पाठवलं. कामगारांची सगळी रजिस्टरं डेटाबेसमध्ये भरायची होती. मिलला नवे दिवस येणार म्हणून हे चाललंय, असं आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्ही ते खरं मानलं. बावळटपणाच तो.

नाफडेंना मी काका म्हणायचे. चोपन्नाव्या वर्षी ते माझ्याकडून कीबोर्ड शिकले. एका बोटाने टाइप करत, पण चूक म्हणून सापडायची नाही. एक हजार आठशे छत्तीस नावं आम्ही चार महिन्यांत भरली.

मग वरून चिठ्ठ्या यायला लागल्या. पहिली चिठ्ठी: पन्नाशीच्या वरचे किती? मी वय काढायचं फंक्शन लिहिलं, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, चालवली, आकडा दिला. काकांनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, "बेटा, हा तर नोव्हेंबरचा जन्म आहे ना. जूनमध्येच पन्नास कसा झाला?" मी नुसती वर्षं वजा केली होती, महिना पाहिलाच नव्हता. फंक्शन दुरुस्त केलं. आपली चूक एका टाइमकीपरने पकडावी, हे मला चांगलंच झोंबलं.

पुढची चिठ्ठी: मिलच्या चाळीत कोण राहतं? त्यापुढची: गेल्या संपात कोण कोण होतं? प्रत्येक प्रश्न आधीच्यापेक्षा अरुंद. उत्तर मिनिटात निघे आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटे. खिडकीतून दिसायचं, विणाई खात्यातले माग सुटे करून ट्रकवर चढवत होते. काका एकदा म्हणाले, "अपन नुसती उत्तरं देत बसलोय. विचारतंय कोण, आणि कशाला?" मी हसून विषय बदलला.

जूनअखेरीस शेवटची मोठी चिठ्ठी आली. मिल बंद होणार होती. कार्यालयातले लोक सोडून बाकी सगळ्या कामगारांची यादी त्यांची देणी ठरवायला सरकारकडे जायची होती. ज्याचं नाव यादीत नाही तो मिलचा कामगार नव्हताच, असं धरलं जाणार होतं. यादी फाटकावर लागणार नव्हती. शुक्रवारी काकांची सही आणि लगेच रवाना. यादीतल्यांनी जुनं हजेरीकार्ड गेटवर जमा करायचं, नवं नंतर मिळेल, असा हुकूम निघाला.

मी क्वेरी लिहिली: ज्यांचा विभाग 'कार्यालय' नाही, ते सगळे. एक हजार पाचशे सत्त्याहत्तर नावं छापून आली. काकांनी दोन दिवस बसून एकेक नाव रजिस्टराशी ताडून पाहिलं. एकही चुकीचं नव्हतं. त्यांनी सही केली.

त्याच दुपारी किसन आला. बदली कामगार, मिलमध्ये बावीस वर्षांपासूनचा. बदलीवाल्यांना ठरलेला विभाग नसतो. ज्या खात्यात माणूस कमी, तिथे त्या दिवशी उभं राहायचं.

"बाबूजी, लिस्टमध्ये आपलं नाव आहे ना? कार्ड देऊन टाकू का?"

"मीच भरलंय तुझं नाव, माझ्या हाताने," काका म्हणाले. "देऊन टाक."

किसनने कार्ड दिलं. त्याचं पाहून इतर बदलीवाल्यांनीही दिलं. शनिवारी कार्डांची पोती बॉयलरच्या भट्टीत गेली.

मंगळवारी चिठ्ठी आली: कार्यालय आणि कामगार, दोन्ही मिळून एकूण किती? कार्यालयात दोनशे बारा. काकांनी कागदावर बेरीज केली, मग पुन्हा एकदा केली. एक हजार सातशे एकोणनव्वद. भरलेली नावं तर एक हजार आठशे छत्तीस होती. सत्तेचाळीस माणसं कुठेच नव्हती.

मला कारण सापडायला पाच मिनिटं लागली. जुन्या रजिस्टरात बदलीवाल्यांच्या विभागाचा रकाना कोरा सोडायची रीत होती. काकांनी भरतानाही ती इमानाने पाळली. ज्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही तो कार्यालयातला नाही, हे आपल्याला कळतं. डेटाबेसला कळत नाही. कोरं म्हणजे त्याच्या लेखी माहीत नाही, आणि ज्याचं माहीत नाही त्याला तो मुकाट्याने बाजूला ठेवतो. विभाग कोरा असलेलेही घे, एवढं एक वाक्य मी क्वेरीत घालायला हवं होतं. हे मला शिकवलेलं होतं. काकांनी तर यादीत आलेली नावं तपासली. न आलेल्यांचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही.

मी वाक्य घातलं. सत्तेचाळीस नावं लगेच आली. काका कागद घेऊन मॅनेजर साहेबांकडे गेले. मी दाराशी उभी होते.

"यादी गेली, नाफडेजी," साहेब म्हणाले. "बरोबर आहे म्हणून सही तुमचीच आहे. आता हे सत्तेचाळीस कुठून निघाले? त्यांची कार्डं दाखवा, मग बघू."

"रजिस्टर आहे साहेब."

"रजिस्टरं तर कंप्युटर आला म्हणून रद्द झालीत. सही केलेली यादी हाच आता रेकॉर्ड."

काका परत येऊन खुर्चीत बसले. पेन्सिल हातात घेतली, तशीच ठेवून दिली.

बुधवारी किसन पुन्हा आला. हातोदला मुलीकडे निघाला होता, हातात पिशवी होती.

"लोग कुछ भी बोलतात बाबूजी. म्हटलं एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी स्क्रीन किसनकडे वळवला आणि एका बोटाने त्याचं नाव शोधून काढलं, गेलेल्या यादीत नव्हे, आमच्या डेटाबेसमध्ये. नाव होतं, वडिलांचं नाव होतं, जन्मतारीख होती. किसनने अक्षर अक्षर लावत वाचलं आणि हसला.

"आहे तर. नवं कार्ड कधी भेटेल?"

"पंधरा दिवसांत," काका म्हणाले.

किसनने खात्री करायला माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली.