जेटच्या नाकाला बिब्बा

रविवारी सुदुंबऱ्याला, सासूबाईंच्याच शेतात मी त्यांच्यावर ओरडलो. कारण ऐकाल तर हसाल... एक बिब्बा!

तर मी गेले पाच महिने बाल्साच्या लाकडाचं विमान करतोय. पहिल्या पिढीतलं जेट, नाकाला गोल तोंड असलेलं. वर टिश्यू पेपर, आत रबराची लडी. रबर पिळायचं, सोडायचं, की पुढचा पंखा फिरतो आणि विमान उडतं. म्हणजे कागदावर उडतं.

जेटला पंखा कुठे असतो, हे मला आजवर दूधवाल्यापासून सगळ्यांनी विचारून झालंय. अहो, माहीत आहे मला! खऱ्या जेटला नसतो. पण रबराला आग ओकता येत नाही, त्याला मी काय करू...

आम्ही घोरावाडी स्टेशनच्या अगदी जवळ राहतो. जेवणाच्या टेबलावर पंखाची बरगडी चिकटवायला घेतली की नेमकी मालगाडी येते, टेबल थरथरतं आणि बरगडी तिरकी. पावसाळ्यात तर टिश्यू असा सादळला की पापड बरे. घरातली तीन माणसं पाच महिने खाली बसून जेवतायत आणि त्याचे टोमणे मी रोज भाजीबरोबर खातोय.

एवढं करून उडेल तर शपथ. पाच वेळा सोडलं, पाचही वेळा तेच... नाक वर काढतं, हवेत थबकतं आणि शेपटीवर आपटतं. एकदा हौसेने लोणावळ्याच्या पठारावर नेलं. तिथे वाऱ्याने उलटंपालटं केलं ते वेगळंच, वर सेल्फीवाली मंडळी टाळ्या वाजवत होती.

शेवटी बायकोला, सविताला शब्द दिला. भात काढून सुदुंबऱ्याचं शेत मोकळं झालंय, तिथे शेवटचं सोडतो. पडलं तर सगळा पसारा माळ्यावर.

बोललो खरं, पण माळ्यावर टाकणं सोपं नव्हतं. रिटायर होईपर्यंत पंचवीस वर्षं कंपनीत क्वालिटीमध्ये दुसऱ्यांचे पार्ट तपासले... स्वतःच्या हाताने केलेली ही एकच वस्तू आहे.

सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. माझ्याशी बोलणं कमीच, अजून माझ्यासमोर डोक्यावरचा पदर सावरतात. शेतात जायचं म्हटल्यावर त्याही निघाल्या.

बांधावर खोका उघडला आणि बघतो तर काय... विमानाच्या नाकाखाली काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा! मी अंघोळीला गेलो तेवढ्यात बांधलेला, चांगल्या चार गाठी मारून.

"पाच येळा पडलं न्हवं, जावयबापू," सासूबाई म्हणाल्या. "चांदीवानी चमकतंय, मानसं टाळ्या वाजवून बघत्यात. दिष्ट लागली असंल."

माझं डोकंच फिरलं. "आई, मी इथे रंगाचंसुद्धा वजन मोजलंय! तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं?" शेजारच्या वावरातली माणसं काम थांबवून बघायला लागली.

"चुकलं," एवढंच म्हणाल्या आणि पलीकडे तोंड करून बांधावर बसल्या. सविता माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती इथे लिहीत नाही.

दोरा कापायला ब्लेड नाही. ओढला तर टिश्यू फाटणार. म्हटलं, जाऊ दे खड्ड्यात, पडायचंच असेल तर बिब्ब्यासकट पड! दात-ओठ खात रबर पिळलं आणि सोडलं.

नाक वर गेलं नाही. सरळ निघालं... थोडं चढलं, डावीकडे वळलं, आमच्या डोक्यावरून एक फेरी मारली, मग दुसरी. मी तोंड उघडं टाकून बघतोय. शेवटी पंखा थांबला आणि ते पेंढ्यावर अलगद उतरलं.

"माघारी आलं की वो!" सासूबाई उठून उभ्या होत्या, डोळ्यांवर हात आडवा धरून. मी ओरडलेलं जणू झालंच नव्हतं.

घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. विमानाचा तोल मी रबर घालायच्या आधी तपासला होता. नंतर जास्त उडावं म्हणून लांब रबर घातलं. ते मागे शेपटीकडे गोळा होतं आणि नाक हलकं पडतं. नाकात जरासं वजन हवं होतं, बास! सगळं जोडल्याशिवाय मोजू नका, हे कंपनीत मी नव्या पोरांना रोज ओरडून सांगायचो.

संध्याकाळी सासूबाईंजवळ जाऊन बसलो. सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हणालो.

"मंग दिष्ट न्हवती?"

"नव्हती."

"बरं. पर त्यो काढू नका."

काढणार नाहीच. तेवढ्याच वजनाचा मातीचा गोळा लावता येतो, नाही असं नाही. पण त्यांच्याच शेतात, चार माणसांत त्यांना बोललो, ते मातीने थोडंच बुजणार... मला अजून लाज वाटते.

आज सकाळी पंखाची सुटलेली पट्टी चिकटवायला बसलो आणि नेमकी मालगाडी आली. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, दोन्ही हातांनी टेबल दाबून धरलं... शेवटचा डबा जाईपर्यंत.