शाळेला स्लॅब, आम्हाला म्हैस

मी आजवर कोणालाही फसवलेलं नाही. पण हे वाक्य आमच्या गावात मोठ्याने म्हटलं, की समोरचे लोक एकमेकांकडे बघतात आणि त्यातला एकजण म्हशीसारखा रेकतो.

शहाद्याहून लोणखेडा ओलांडून थोडं पुढे आलं की आमचं गाव. तिथल्या खासगी शाळेत मी गणित शिकवतो. शाळेला सगळं होतं: संस्था होती, चेअरमन होते, दोनशे मुलं होती. इमारत तेवढी नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरायचे. एप्रिलमध्ये मुलं भाजून निघायची आणि पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजात माझं गणित मुलांपर्यंत पोचायचं नाही. (मुलांची याबद्दल तक्रार नव्हती.)

आमचे चेअरमन नाना. पपईचे मोठे बागायतदार, आवाजही बागायती. त्यांनी घोषणा केली, "बारा खोल्या! दोन मजले! वर-खाले नळ!" गावाने टाळ्या वाजवल्या, देणग्या दिल्या, पाया भरला, खांब उभे राहिले. आणि नेमका स्लॅबच्या आधी पैसा संपला! खांबांतून वर आलेल्या सळया बघून लोक विचारायला लागले, "नाना, धाबं कवय पडी?" म्हणजे, स्लॅब कधी पडणार?

तेव्हा नानांनी शिक्षकांची मीटिंग घेतली. लकी ड्रॉ करायचा. पाच बक्षिसं, पाचही गावातल्या दात्यांनी फुकट दिलेली. भिंतीवरचं घड्याळ, कुकर, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि पहिलं बक्षीस म्हणजे नानांच्या गोठ्यातली दुभती म्हैस! तिकीट शंभर रुपये. पन्नास तिकिटांचं एक पुस्तक.

"बोला सर, कोन कितला पुस्तकं लेस?" नानांनी विचारलं.

बाकीचे सर जमिनीकडे बघायला लागले. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "अर्धं चालेल का?" आणि माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे, मी उभा राहून ओरडलो, "चार!"

"वा रे वा, सुभाष सर!" नाना म्हणाले. त्या कौतुकाने मी इतका फुगलो, की चार पुस्तकं म्हणजे दोनशे तिकिटं हा गुणाकार मला घरी पोचल्यावर जमला.

मग मी मोटरसायकल काढली. पहिल्यांदा खांडबाऱ्याला मेव्हण्याकडे गेलो. तोही शिक्षकच. त्याने माझं एक तिकीट हसत हसत घेतलं आणि टेबलाच्या खणातून आपल्या शाळेच्या सोडतीची दोन तिकिटं काढून माझ्या हातात ठेवली! शनिवारी शाळेतून सुट्टी घेऊन तोरणमाळचा घाट चढलो. वर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची चहाची टपरी आहे. त्याने पाया पडून एक तिकीट घेतलं. मग मध दाखवला. गुरुजींनी नाही कसं म्हणायचं? शंभराचं तिकीट विकून मी चारशेचा मध घेऊन खाली उतरलो.

सोडतीच्या आदल्या संध्याकाळी हिशोब केला. दोनशेपैकी खपलेली तिकिटं एक्केचाळीस.

आता काय करावं? चार पुस्तकं म्हणून ओरडलेला माणूस तीन पुस्तकं परत कोणत्या तोंडाने करणार? कपाटात शोभाने, म्हणजे माझ्या बायकोने, शिवणकामाचे पैसे जमवून ठेवले होते. वॉशिंग मशीनसाठी. ते शहाद्याच्या दुकानात भरायला म्हणून तिने माझ्याच हाती दिले होते. मी त्यांतून उरलेली एकशे एकोणसाठ तिकिटं घेऊन टाकली!

"मशीन कवय येई?" शोभाने रात्री जेवताना विचारलं.

"कंपनीमा मालच नही शे," मी म्हणालो. "पुढला महिनामा येई."

तिकिटांवर नावं घालायची होती. सगळीकडे माझंच नाव कसं बरं दिसेल? म्हणून काहींवर माझं, काहींवर शोभाचं आणि काहींवर मायचं, असं आळीपाळीने लिहीत गेलो. माय म्हणजे माझी आई, सखुबाई. बोटं दुखली, पण मन प्रसन्न झालं. शाळेसाठी माणसाने एवढं करायलाच हवं!

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर ही गर्दी! मंडप आणि लाउडस्पीकर सलीमभाईंचा. व्यासपीठावर निळं पिंप, त्यात नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या. पहिल्या रांगेत शहाद्याचे तीन व्यापारी. कार्यक्रम नीट झाला तर स्लॅबचं सिमेंट देऊ, असं त्यांनी नानांना सांगितलं होतं. एका बाजूला म्हैस, शिंगांना रंग, गळ्यात झेंडूची माळ. आणि म्हशीशेजारी आमची माय! खुर्ची दिली होती तरी ती तिकडेच उभी. वडील गेल्यावर आम्ही घरची शेवटची म्हैस विकली, तेव्हापासून मायला कुठेही म्हैस दिसली की पाय हलत नाहीत.

"सुभाष, कास देख हिनी!" ती मला म्हणाली. "दोन्ही टाइमले पाच-पाच लिटर कोठे गयं नही!"

"माय, खुर्चीवर बस."

"तू जाय तुन्हा कामले."

प्रमुख पाहुण्या म्हणून नंदुरबारच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्यांनी पिंपात हात घातला, पाचव्या बक्षिसाची चिठ्ठी काढली, पर्स चाचपली आणि म्हणाल्या, "अगं बाई, चष्मा घरीच राहिला. सर, तुम्हीच वाचा."

मी माइकपाशी गेलो. चिठ्ठी उघडली. "पाचवं बक्षीस, भिंतीवरचं घड्याळ... सखुबाई!"

टाळ्या! माय म्हशीजवळून ओरडली, "मी? मी कवय तिकीट लिधं?"

"आईसाठी एक घेतलं होतं," मी माइकवर नम्रपणे सांगितलं. लोकांना ते आवडलं.

चौथं बक्षीस, कुकर. चिठ्ठी उघडली. "शोभा..." टाळ्या आल्या, पण निम्म्या. बायकांमध्ये बसलेल्या शोभाच्या भुवया वर गेल्या. "बायकोसाठीही एक घेतलं होतं," मी म्हणालो. आता मला घाम फुटायला लागला होता.

तिसरं, मिक्सर. मी चिठ्ठी उघडली आणि तसाच उभा राहिलो.

"वाचा ना, सर," पाहुण्या म्हणाल्या.

"सखुबाई."

टाळी एकच वाजली. ती मायची होती.

मागून कोणीतरी ओरडलं, "मिक्सरबी सरना घरमाच?" दुसरा म्हणाला, "चिठ्ठ्या दखाडा!" नाना माझ्या कानाशी आले. "सर, न खपेल तिकिटा परत दिन्हात ना तुम्ही?"

"परत द्यायची होती?"

"शनिवारनी मीटिंगमा सांगं व्हतं ना! सर्वा सरनी परत दिन्हात!"

शनिवारी मी तोरणमाळला मध घेत होतो! म्हणजे बाकीच्यांची न खपलेली तिकिटं पिंपात गेलीच नव्हती. आत जेमतेम चारशे चिठ्ठ्या आणि त्यांत दीडशेच्या वर आमच्या घरच्या. दहावीला संभाव्यता मीच शिकवतो.

दुसरं बक्षीस. वॉशिंग मशीन. खरं सांगतो, त्या क्षणी मला लाज, अब्रू, शाळा काही आठवलं नाही. देवा, तीनदा दिलंस, आता एकदाच दे! शोभाचं नाव निघू दे! मी चिठ्ठी उघडली.

"सलीमभाई मंडपवाले."

मैदानात असा जल्लोष झाला की म्हैस बिथरली! सलीमभाई धावत आले आणि त्यांनी मशीनला मिठी मारली. सर्वांना हायसं वाटलं, सोडत खरी आहे म्हणून. पाच बक्षिसांतलं जे एक आमच्या घरी यायला हवं होतं, तेवढं बरोबर दुसऱ्याच्या घरी गेलं!

आता म्हैस. पाहुण्यांनी चिठ्ठी दिली. मी घडी उघडली, बघितली आणि पुन्हा बंद केली.

"हे... अक्षर नीट लागत नाही," मी म्हणालो.

पाहुण्यांनी डोळे बारीक करून मागच्या चिठ्ठ्यांशी ती ताडून पाहिली. "सर, हे तर तुमचंच अक्षर आहे!" मुख्याध्यापिका त्या. चष्मा नसला तरी अक्षर ओळखणारच!

"इधर लाव," म्हणत सलीमभाईंनी चिठ्ठी घेतली आणि आपल्याच लाउडस्पीकरवर गर्जना केली, "पहिला नंबर, म्हैस... अरे! सुभाष सर!"

मग जे झालं ते सांगवत नाही. खुर्च्या सरकल्या. "लबाडी शे ही!" "पिंप उपडं करा!" "पैसा परत द्या!" नाना हात जोडून उभे. आणि पहिल्या रांगेतले ते तिन्ही व्यापारी उठून चपला शोधायला लागले. स्लॅबचं सिमेंट माझ्या डोळ्यांदेखत चालत निघालं होतं!

मी माइक धरला. "थांबा! लबाडी नाही! मला तिकिटं विकता आली नाहीत! चार पुस्तकं घेतली आणि एक्केचाळीस तिकिटं खपली. लाज वाटली म्हणून बाकीची मीच घेतली. एकशे एकोणसाठ!"

व्यापाऱ्यांचे हात चपलांवरच थांबले. आणि बायकांमधून शोभाचा आवाज आला, "पैसा कोठेन आनात?"

मी माइक खाली घ्यायला हवा होता. नाही घेतला. "मशीनना," मी म्हणालो, ते सगळ्या गावाने ऐकलं.

आधी एक बाई हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळा मंडप हसायला लागला, व्यापारी खाली बसून पोट धरून हसायला लागले. शोभा सोडून. सलीमभाईंनी मशीनवरचा हात हळूच काढला. "भाभी, मशीन तुमच ले जाव."

"नही भाऊ," शोभा म्हणाली. "ती तुम्हनी शे. तुम्हना नशिबमा व्हती." आणि मग माझ्याकडे बघून, "माले जे भेटेल शे, ते मी घर लई जासू."

लोक शांत झाले हे बघून मला पुन्हा उत्साह चढला. (हाच माझा रोग.) मी जाहीर केलं, "ही म्हैस मी शाळेला परत देतो! आत्ताच्या आत्ता लिलाव! येईल तो पैसा स्लॅबला!"

काय टाळ्या पडल्या! पाहुण्या उभ्या राहिल्या. नानांचे डोळे पाणावले. आणि मी लिलाव पुकारायला लागलो.

"चाळीस हजार!" नाना स्वतःच ओरडले.

"पंचेचाळीस!" एक व्यापारी.

"पन्नास!" ऊसवाला भगवान.

"हा शाळेचा लिलाव आहे, मंडळी! पन्नासात खिडकीही होत नाही!" मी नाचत होतो. साठ झाले, पासष्ट झाले. माझा आवाज बसला, सदरा भिजला. भगवानने हात वर केला. "बहात्तर!"

"बहात्तर एक वार!" मी म्हशीकडे बघितलं. माय तिचा दोर धरून उभी होती. भगवानचा गडी दोर घ्यायला पुढे आला होता आणि माय सोडत नव्हती. "बहात्तर दोन वार!" गड्याने हलकेच दोर ओढला. मायने माझ्याकडे बघितलं. पदराने म्हशीच्या डोळ्याजवळची माशी उडवली.

"त्र्याहत्तर!" कोणीतरी ओरडलं.

मी मोठ्या आनंदाने विचारलं, "कोण? कोण म्हणालं त्र्याहत्तर?"

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं.

"तीन वार!" नाना गरजले. "सरनी लिधी!"

फुकट मिळालेली म्हैस मी दहा मिनिटांत त्र्याहत्तर हजारांना विकत घेतली होती! "नाना, मी ते... मी फक्त आकडा सुचवत होतो..."

तेवढ्यात शोभा व्यासपीठावर आली. तिने माझ्या हातातून माइक घेतला. बारा वर्षांच्या संसारात तिला चारचौघांत बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"नाना, पैसा आम्ही दिसूत," ती म्हणाली. "पन हप्ता-हप्तानी. दूध मी ईकसू, हिशोब मी ठेवसू. आनि सरना हातमा एक रुपया देवाना नही!"

"मंजूर!" सगळा गाव ओरडला. एवढ्या एकमताने आमच्या गावात आजवर काहीच मंजूर झालेलं नाही. व्यापाऱ्यांनी तिथल्या तिथे सिमेंट जाहीर केलं. एकाने तर वर शंभर गोण्या वाढवल्या. म्हणाला, इतकी करमणूक शहाद्यात पैसे देऊनही होत नाही.

म्हैस वाजतगाजत आमच्या रिकाम्या गोठ्यात आली. मायचा अंदाज थोडा चुकला. दूध एका वेळेला पाच नाही, सहा लिटर निघालं. लोणखेड्याच्या कॉलेजसमोरच्या दोन चहावाल्यांनी रतीब लावला. पाऊस यायच्या आत स्लॅब पडला आणि दीड वर्षात शोभाने शेवटचा हप्ता नानांच्या टेबलावर ठेवला. पुढच्याच महिन्यात नानांनी तिला संस्थेच्या कमिटीवर घेतलं. त्या जागेसाठी मी सहा वर्षं अर्ज करत होतो.

इमारतीच्या उद्घाटनाचा मोठा फोटो आता शाळेच्या ऑफिसात लावलाय. मधे नाना, त्यांच्या उजवीकडे हार घातलेली शोभा, डावीकडे माय, आणि मागे मायने हट्टाने उभी केलेली म्हैस. चारही चेहरे कसे स्वच्छ आलेत. अगदी कडेला, चौकटीला टेकून, पांढऱ्या बाहीतलं एक कोपर दिसतं. ते माझं. नवीन पालक आले की मी त्यांना आवर्जून ते दाखवतो.

सलीमभाई म्हणतात, ते त्यांचं आहे.