देवदाराचं अत्तर

चूक माझी होती, आणि ती मी भर बाजारात केली. पाटोद्याच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या म्हाताऱ्या अत्तरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मनगटाला अत्तर लावताना तो गिऱ्हाइकाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायचा, एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं.

त्या दिवशी त्यानं माझ्या मनगटाला देवदाराचं अत्तर लावलं. वास नाकाला झोंबला. मी ओरडलो, "हे तर रंगात मिसळायचं टर्पेंटाइन आहे! लोकांना फसवता?"

"गुरुजी, देवदार हाय. आधी झोंबतो. दोन घंटे थांबा, मग बोला."

मी थांबलो नाही. शाळेतला मास्तर म्हणतोय म्हटल्यावर लोकांनीही हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. एकानंही स्वतः वास घेऊन पाहिला नाही. त्यांचा मला अजून संताप येतो. स्वतःचा तर त्याहून जास्त.

संध्याकाळी जेवायला बसलो, तर मनगटाला उन्हात तापलेल्या लाकडाचा गोड, शांत वास येत होता. हातातला घास ताटात ठेवून मी मनगट पुन्हा हुंगलं.

पुढच्या बाजारी मी त्याच्याजवळ वाकून पुटपुटलो, "चुकलं माझं."

त्यानं मान वर केली नाही. बाटलीला बूच लावत म्हणाला, "कावून एवढं हळू, गुरुजी? त्या दिवशी तर लई मोठा आवाज होता."

मी ताठ उभा राहिलो आणि शाळेच्या मैदानावर लावतो तेवढा आवाज लावला, "ऐका! यांचा देवदार अस्सल आहे. खोटं मी बोललो होतो. चाचा, मला माफ करा."