दोन म्हणणाऱ्या खाला

खालांना खोटा धीर देता यायचा नाही. सुई टोचताना बाकीचे "मुंगी चावल्यासारखं वाटेल" म्हणतात, खाला म्हणायच्या, "दुखणार हाय. दात दाबून धर."

कळंबला आमच्या शेजारी राहणाऱ्या खाला म्हणजे निवृत्त नर्स. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आम्ही सोलापूरला टेस्ट ट्यूबचे उपचार सुरू केले, तेव्हा रोज पोटात सुई घ्यायची होती. सासूबाईंना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून औषध खालांच्या फ्रीजमध्ये आणि मी शिवण शिकायच्या नावाखाली त्यांच्या घरात. "सासूनं विचारलं तर म्या खरं सांगन, आधीच सांगते," हे त्यांनी बजावलं होतं. नशीब माझं, सासूबाईंनी विचारलंच नाही!

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले. जुळं! मी पेढे घेऊन धावले, तर खालांनी पेढा बाजूला ठेवला. "जुळी लवकर येत्यात, बेटा. आठवा लागू दे, मग तोंड गोड करते." मला अस्सा राग आला त्यांचा!

सातव्यात, डोहाळजेवणाच्या दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झाल्या. एक मुलगा, एक मुलगी. दोघांनाही काचेत ठेवलं. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. घरच्यांनी त्याला पुरलं आणि मला सांगितलं, दोघं छान आहेत. खाला त्या दिवशी दवाखान्यात आल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "पोरगा गेला, बेटा. म्या बघितलं त्याला. नाक तुझं होतं." मी हंबरडा फोडला. डोहाळजेवणात तासभर पाटावर बसले, म्हणून झालं का हो, खाला? "न्हाय. तुझ्यामुळं काय बी झालं न्हाय."

मुलगी जगली. बारशाला कुणीतरी म्हणालं, "एकच, पण गोड आहे हो." खाला म्हणाल्या, "दोन झाली. एक गेलं."

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "भरल्या घरात असलं अभद्र बोलायचं? उठा तुम्ही." खालांनी माझ्याकडं पाहिलं. मी नुसतं "बसा" म्हणायला हवं होतं. मी पाळण्याची दोरी ओढत राहिले. त्या गेल्या, त्या पुन्हा आमच्या दारात आल्या नाहीत. आणि मीही कधी बोलवायला गेले नाही.

गेल्या पावसाळ्यात खाला वारल्या. मी मुलीला घेऊन त्यांच्या घरी भेटायला गेले. उमरग्याहून आलेल्या त्यांच्या बहिणीनं मायेनं विचारलं, "लेकरं किती तुम्हाला?"

"एकच," मी म्हणाले. खालांच्या घरात बसून म्हणाले.