तीन जिवांची राक्षसीण

दोन वर्षं आम्ही दोघी एक गेम बनवत होतो. मैत्रीण चित्रं काढायची, कोड मी लिहायची. सुरतेत, गोडादऱ्यातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात. गेम लहान मुलांसाठी होता. शेवटी एक राक्षसीण येते, तिला तीन जीव. दोनदा पडून ती उठते, तिसऱ्यांदा मरते. तिचं ते उठणं मैत्रिणीने चार महिने खपून काढलं होतं, एकेक चित्र हाताने.

आमची राक्षसीण मात्र पहिल्याच फटक्यात मरायची.

सगळ्या शत्रूंसाठी मी एक मूळ क्लास, म्हणजे कोडचा साचा, लिहिला होता: फटका बसला की मर. राक्षसिणीचा क्लास त्याच्यावरूनच घेतला होता, फक्त फटक्याची मेथड, म्हणजे फटका बसल्यावर काय करायचं तो भाग, तिच्यापुरती वेगळी लिहिली होती. ती चालतच नव्हती. गेम दर वेळी मूळ क्लासमधलीच मेथड चालवायचा. नाव अक्षर अक्षर जुळवून पाहिलं. राक्षसीण पुसून नव्याने बसवली. तिच्या मेथडमध्ये 'मी इथे आहे' असं छापायला सांगितलं, तर स्क्रीनवर ते एकदाही उमटलं नाही. आई ताट ठेवून जायची, "जेवी ले ना, माय." असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी दुपारी अहमदाबादहून एक बाई गेम बघायला येणार होत्या. आवडला तर त्यांची कंपनी तो बाजारात आणणार होती. सकाळी घाबरून मी मूळ क्लासच बदलला, तीन जीव तिथेच लिहून टाकले. राक्षसीण उठली. मैत्रीण ओरडलीच, "उठली गं!" बाकीचं तपासायला वेळच नव्हता.

बाई खेळायला बसल्या. सुरुवातीचा साधा शत्रू, बेडूक, मेला आणि उठला. परत मेला, परत उठला. मग माशीही तशीच.

"ये ऐसा ही है?" त्यांनी विचारलं.

मी समजावायला गेले, पण हिंदीत शब्दच सापडेनात. राक्षसिणीपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. चहा घेतला, फोन करते म्हणाल्या आणि गेल्या. फोन आला नाही.

"मला आधी विचारायचं तरी होतंस," मैत्रीण म्हणाली. "मी राक्षसीणच काढून टाकली असती." ती भांडली असती तर बरं झालं असतं. महिन्याभरात ती बमरोलीला साड्यांच्या डिझाइनच्या कामाला लागली.

चूक मला त्यानंतर सापडली. मूळ मेथडला 'ही पुढे बदलता येईल' असं सांगणारा एक शब्द जोडावा लागतो, आणि राक्षसिणीच्या मेथडला 'मी ती बदलते आहे' असं सांगणारा दुसरा. मी दोन्ही लिहिले नव्हते. कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासून पिवळ्या अक्षरांत तेच सांगत होता. तशा शंभरेक पिवळ्या ओळी यायच्या, मी त्या वाचणं केव्हाच सोडलं होतं.

मी तिला फोन केला. "दोन शब्द गं. फक्त दोन शब्द राहिले होते."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. ती म्हणाली, "हे मला सांगायला नको होतंस."

नंतर दोनदा फोन केला. तिने उचलला नाही.