तीन वाजताचं मशीन

ऑफिसात तिला सगळे टायमर म्हणायचे. खिडकीखालच्या टेबलावर तिचे तीन संगणक होते: एक विंडोजचा, एक मॅक, एक लिनक्सचा. दवाखान्यांसाठीच्या सॉफ्टवेअरची चाचणी ते रोज ठरल्या वेळी आपोआप घ्यायचे. रुग्णाची नोंद किती सेकंदांत सापडते, एवढाच प्रश्न. विंडोज एकला, मॅक दोनला, लिनक्स तीनला. तिघांना माहिती पुरवणारा सर्व्हर एकच, म्हणून दोघांनी एकाच वेळी धावायचं नाही, हा तिचा नियम. वेळापत्रक तिच्या रक्तातच होतं. एका प्रयोगशाळेवर नऊ वर्ग बसवण्यात तिच्या शिक्षक वडिलांचा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं.

गेले तीन आठवडे मात्र तिला चैन नव्हतं. नोंद शोधण्याचा भाग काकांनी, म्हणजे ऑफिसातल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामरने, नव्याने लिहिला होता. मॅकवर नोंद दोन सेकंदांत मिळे, उरलेल्या दोघांवर पाच. काका स्वतः मॅकवर काम करत, त्यामुळे चेष्टेला ऊत आला होता. "काका, एक पोटचं आणि दोन सावत्र, असं करू नका." काका पहिल्यांदा हसले, नंतर नाही. त्यांचं काम ठेवायचं की काढून टाकायचं, हे आज चारच्या बैठकीत ठरणार होतं. पुरावा एकच, तिचा अहवाल.

आकडे तिने दहादा तपासले होते. लॉगमध्ये, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदींत, लिनक्सच्या चाचणीची वेळ बरोबर तीन होती. एकला सगळे जेवायला गेले. तिने डबा उघडला, मिटला, उठली, खिडकीपर्यंत जाऊन परत फिरली आणि थबकली. लिनक्सच्या मशीनचा पंखा घरघरत होता. एक वाजून सात मिनिटं झाली होती. या वेळी ते गपगार असायला हवं होतं.

तिने त्याचं घड्याळ पाहिलं. तीन वाजून सात.

तीन आठवड्यांपूर्वी त्याची डिस्क बदलली, तेव्हा घड्याळ दोन तास पुढे लागलं होतं. लॉगमध्ये वेळ लिहिणारं घड्याळही तेच. म्हणजे ती जेवायला गेली की विंडोज आणि लिनक्स ही दोन मशीनं रोज एकाच सर्व्हरवर तुटून पडत होती. वेळापत्रक लावल्यावर वडील आठवडाभर प्रत्येक वर्गात डोकावून यायचे, बाकीचे शिक्षक हसायचे. तिने एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं.

दोन्ही चाचण्या थांबवून तिने घड्याळ लावलं. विंडोज दीडला, मॅक सव्वादोनला, लिनक्स खऱ्या तीनला. दोन तास ती खुर्चीत टेकली नाही. साडेतीनला आकडे आले: तिन्हीकडे दोन सेकंद.

"काकांचं काम चोख आहे. माझं चुकलं," बैठकीत तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, घड्याळासकट.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तीन आठवडे आपण यांना उगाच धोपटलं?"

"माझ्या आकड्यांवरून."

काकांनी खिशातून फोन काढला. "मी घरी सांगून बसलोय, आता हे आपल्याला झेपत नाही. राजीनामाही लिहून ठेवलाय." त्यांनी नंबर लावला आणि फोन तिच्यापुढे सरकवला. "आता तूच सांग तिला. माझ्यावर नाही बसायचा विश्वास."

"काकू, मी टायमर बोलतेय," ती म्हणाली, आणि बोलता बोलता भिंतीवरचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहू लागली.