ओली वाळू

लाखांदुरात घरात कोबा घालायचा असला की लोक आमच्या शेजारच्या काकांना बोलावतात. थापीनं कोबा घोटून झाला की काका दारातच उकिडवे बसतात आणि घरातल्यांवर ओरडतात, "काठानं जा, काठानं! मधात पाय नोको!" त्यांच्या स्वतःच्या घरचा कोबा वाळून जमाना झाला, तरी काकू अजून भिंतीकडेनंच चालतात.

त्यांचा जावई अंदमानात नोकरीला आहे. यंदा दोघं तिकडं निघाले, तेव्हा बेटावरची एका दिवसाची सहल ठरवायला माझ्याकडे आले. मी मोबाइलवर किनाऱ्याचा फोटो दाखवला. ओहोटीनंतरची ओली, सपाट वाळू आणि माणूस एकही नाही. काका बराच वेळ पाहत राहिले.

"कोनं घोटली?"

"समुद्रानं."

"वाळते कवा?"

"वाळू देत नाही तो. रोज नव्यानं घोटतो."

काकांचा चेहरा पडला. "मंग आमी कायले जाऊन राहिलो? पाय कुठं ठेवाचा?"

"तुमी झाडाखाली बसा," काकू म्हणाल्या. "मी जाईन."

परत आल्यावर काकांनी फोटो दाखवला. वाळूवर पावलांच्या दोन ओळी होत्या. एक झाडांच्या कडेकडेनं जाऊन तिथंच थांबलेली. दुसरी ऐन मधातून, सरळ पाण्यात गेलेली.

काकांनी ती दुसरी ओळ बोटांनी मोठी केली.

"पाहा भाऊ, मधातून गेली," ते म्हणाले. "मी ओरडलोच नाही."